कस्टम बाईक रंगवायची? आधी सगळी जोडा, मग पुन्हा खोला

कस्टम बाईक म्हटलं की पहिली चर्चा रंगाचीच, मॅट की ग्लॉस, कँडी की मेटॅलिक. खरं तर रंग सगळ्यात शेवटी. आधी रंग न लावता, पत्रा उघडा असतानाच अख्खी बाईक जोडून बघा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, टाकीला लागतंय का? सस्पेन्शन दाबलं की मागचं चाक मडगार्डला घासतंय का? वेल्डिंग, ड्रिलिंग, ब्रॅकेट जे काय असेल ते आत्ताच उरका, कारण रंगवल्यावर एक क्लिप वेल्ड करायची राहिली तरी तेवढा भाग पहिल्यापासून करावा लागतो. सगळं जुळलं की फोटो काढत खोला, नटबोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, वर नाव लिहून.

टाकी रिकामी केली म्हणजे झालं असं नाही हां. आत पेट्रोलची वाफ राहते आणि ठिणगी पडली की तीच पेटते, त्यामुळे टाकीला वेल्डिंग घरी अजिबात नको.

आता घासकाम. यातच सगळा वेळ जातो आणि फिनिशही इथेच ठरतं. जुना रंग 80 नंबरच्या सँडपेपरने काढा (नंबर वाढेल तसा पेपर बारीक), खड्ड्यात पुट्टी भरा (2-3 मिमीपेक्षा जाड थर नको, पुढे तडकते), मग 180, मग 320. पुट्टी कोरडीच घासा, ती पाणी पिते आणि नंतर रंगाला फोड येतात. वर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर. प्रायमर वाळला की त्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा मारायचा आणि ब्लॉकला (सपाट ठोकळ्याला) 400 चा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून वापरायचा सँडपेपर, गुंडाळून घासायचं. उंच भागावरचा काळा निघून जातो, खड्ड्यात ठिपके तसेच राहतात, हाताला न कळलेला पोचा असा दिसतो. शेवटी 600.

रंगाआधी डीग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) पुसा, एक फडकं ओलं, लगेच मागून दुसरं कोरडं. सिलिकॉनवालं पॉलिश आसपास सुद्धा नको, नाहीतर रंगात बारीक बारीक खळगे पडतात. बेअरिंगच्या जागा, आटे, अर्थिंगचा पॉइंट टेपने झाका, आणि चेसिस नंबर रंगाने बुजू देऊ नका.

स्प्रे गन पत्र्यापासून 15-20 सेमी लांब, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर चढवत, ट्रिगर पत्र्याच्या बाहेर दाबून मग आत यायचं. पहिला कोट पातळच. आधीच्या कोटची चमक मावळून तो मंद दिसला की पुढचा.

क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मात्र हार्डनरवालाच (घट्ट करणारं रसायन मिसळायचा) घ्या, साध्या स्प्रे कॅनचा क्लिअर पेट्रोल सांडलं की मऊ पडतो. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, त्यापुढे कापडी मास्क म्हणजे काहीच नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर हा एक कोट सरळ पेंट बूथवाल्याकडून मारून घ्या, त्यात कमीपणा कसला!

पूर्ण वाळल्यावर 1500, 2000 ने ओलं घासून कंपाउंड (चमक आणणारी पेस्ट) मारा, कडांवर हात हलका, तिथे क्लिअर पटकन उडतो. आणि जोडताना बोल्टच्या डोक्याखालचा जाड रंग खरवडून टाका, तो दबला की बोल्ट सैल होतात, म्हणून थोडी चालवून झाली की सगळे बोल्ट परत एकदा पान्याने तपासा.