फ्लॅनेलची बाळगोधडी, घरच्या घरी

फ्लॅनेल आणलं की लगेच कापायला बसू नका, आधी कोमट पाण्यात धुवून वाळवा, कारण हे कापड साध्या सुती कापडापेक्षा जास्त आटतं आणि न धुता शिवलं तर पहिल्याच धुण्यात गोधडी वेडीवाकडी होते. मधल्या थराचं कापड नवं असेल तर तेही धुवायचं.

घेताना १०० टक्के सुतीच घ्या. खात्री नसेल तर घरी एक धागा जाळून बघा, सुती असेल तर जळक्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. ३६ बाय ३६ इंचाच्या गोधडीला ४४ इंच पन्ह्याचं दोन मीटर कापड आटूनही पुरतं.

मध्ये जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा एकच थर घाला, मला तर कापसाच्या जाड थरापेक्षा हेच पटतं, फ्लॅनेल मुळात उबदार असतं आणि पावसाळ्यात जाड गोधडी दोन-दोन दिवस वाळत नाही.

आता फ्लॅनेलचे दोन तुकडे सुलट बाजू आत करून ठेवा, वर साडीचा थर, टाचण्या लावा आणि कडेनं अर्धा इंच सोडून शिलाई मारा, एका बाजूला सहा इंच उघडं ठेवून. मशीनला १४ नंबरची सुई, टाका थोडा मोठा, आणि फ्लॅनेल ओढायचं नाही, ते ताणलं जातं. या कापडाचा भुसा फार पडतो म्हणून बॉबिनची जागा ब्रशनं साफ करत राहा. मग टाचण्या मोजून काढा, कोपरे छाटून गोधडी उलटवा, उघडी जागा हातानं शिवा आणि थर सरकू नयेत म्हणून वरून कच्चे टाके घाला.

यापुढचा धावदोरा मात्र हातानंच घाला, खरी गोधडी तिथेच होते. कडेपासून आत चौकोनी फेरे, दोन फेऱ्यांत दीड इंच. टाके बारीक हवेत, लांब टाक्यात बाळाची बोटं अडकतात. गाठी थरांच्या आत लपवा, मणी, टिकल्या, लेस काहीही लावू नका. शेवटी कच्चे टाके उसवा.

आणि हे आवर्जून सांगते, वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना गोधडी अंगावर घालू नका, तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. मांडीवर घेताना किंवा जागं असताना जमिनीवर पालथं खेळवायला अंथरा.