पटर बनवताना या चुका टाळा: जड हेड म्हणजे स्थिर लोलक नव्हे

भोसरीतल्या माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी स्वतः बनवलेला पटर घेऊन येतो. पटर म्हणजे होलजवळ चेंडू हलकेच ढकलायची गोल्फची काठी: वर ग्रिप, मधे दांडा म्हणजे शाफ्ट, खाली चेंडूला लागणारे हेड. बहुतेक जण इंजिनीअर. गोल्फ नुकताच लागलेला, हाताशी मिलिंग मशीन किंवा ओळखीचा सीएनसीवाला, आणि डोक्यात एकच वाक्य: पटिंगचा स्ट्रोक घड्याळाच्या लोलकासारखा हवा. वाक्य बरोबर आहे. पण त्यावरून काढलेले निष्कर्ष बहुतेक चुकीचे असतात, आणि तेच ते चुकीचे असतात. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

आधी एक हिशोब. होलचा व्यास 108 मिमी आहे. दहा फुटांवरून मारताना पटरचा फेस, म्हणजे हेडची चेंडूला लागणारी सपाट बाजू, फक्त एक अंश वळलेला असेल, तर चेंडू होलपर्यंत पोचताना साधारण 53 मिमी बाजूला गेलेला असतो. म्हणजे होलच्या मध्यावर धरलेला नेम थेट काठावर. पटर बनवताना आपण या एका अंशाशी झगडत असतो. बाकी सगळे, पॉलिश, कोरीवकाम, रंग, नंतर.

चूक पहिली: "हात थरथरतो, म्हणून हेड जड करू"

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्याबद्दल सविस्तरच सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक तरुण त्याच्या वडिलांसाठी बनवलेला पटर घेऊन आला. वडील सत्तरीचे, हाताला हलका कंप. मुलाने मनापासून काम केले होते. पितळेचा सलग ठोकळा, 100 मिमी लांब, 25 मिमी रुंद, 25 मिमी उंच. वजन 531 ग्रॅम. बाजारातल्या नेहमीच्या पटरचे हेड 340 ते 370 ग्रॅमच्या आसपास असते. "काका, एवढं जड आहे की हलणारच नाही," तो म्हणाला.

आम्ही संध्याकाळी सरावाच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, गेलो. दीड-दोन मीटरवरून वडिलांचे चेंडू खरेच सरळ गेले. मुलगा खूश. मग मी त्यांना दहा पावलांवर उभे केले. पहिला चेंडू होलच्या अडीच मीटर पुढे, दुसरा दोन मीटर अलीकडे, तिसरा पुन्हा पुढे. अर्ध्या तासाने ते मनगट चोळत बाकावर बसले. एवढे वजन मागे नेऊन थांबवायचे आणि पुन्हा पुढे आणायचे तर मनगट मध्ये येणारच, आणि मनगट आले की लोलक संपला.

लोलकाचा काळ वजनावर अवलंबून नसतो, हे आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. तो लांबीवर आणि वजन कुठे वाटले आहे त्यावर ठरतो. शिवाय इथे झुलतो तो एकटा पटर नाही. खांदे, दोन्ही हात आणि पटर मिळून एक लोलक आहे, आणि त्याची खुंटी छातीच्या वरच्या भागात कुठेतरी आहे. हेडमध्ये दीडशे ग्रॅम ओतल्याने त्या लोलकाची लय सुधारत नाही.

मग स्थिरता कशाने येते? चेंडू फेसच्या मध्यापासून सरकून लागला तर हेड वळते. ते किती वळेल हे जडत्वाच्या आघूर्णावर ठरते, आणि त्यात वजनाइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व अंतराला आहे, कारण अंतराचा वर्ग होतो. तेच वजन मध्यापासून दुप्पट लांब नेले तर परिणाम चौपट. कार्स्टन सोल्हाइम नावाच्या इंजिनीअरने 1959 मध्ये आपला पहिला पटर बनवताना हेच केले होते. कल्पना तपासायला त्याने साखरेच्या दोन चौकोनी वड्यांना आइस्क्रीमच्या काड्या चिकटवल्या होत्या: जडपणा दोन टोकांना, मधे जवळजवळ काही नाही. त्या विचारातून पुढे पिंग कंपनी आणि 1966 चा ॲन्सर पटर आला. ॲन्सरचा आकार आजही सगळे बनवतात.

त्या मुलाला मी दुसरे हेड करायला लावले. 115 मिमी लांब, रुंदी-उंची तीच. मधला भाग ॲल्युमिनियमचा, दोन्ही टोकांना 22 मिमीचे पितळी ठोकळे, प्रत्येकी 117 ग्रॅम. एकूण वजन 354 ग्रॅम. आघूर्ण मोजले तर जुन्या ठोकळ्याचे सुमारे 4,700 ग्रॅम-सेंमी वर्ग होते आणि नव्याचे सुमारे 5,800. वजन एक तृतीयांश कमी, तरी वळायला जास्त अवघड. वडील आजही तोच पटर वापरतात.

मोजायला मी जे करतो ते कोणालाही घरी जमेल. हेड जमिनीवर बसते त्याच स्थितीत दोन समांतर दोऱ्यांना टांगा. दोऱ्या 50 सेंमी लांब, एकमेकींपासून 10 सेंमी दूर, आणि गुरुत्वमध्य बरोबर दोघींच्या मधोमध. हेडला हलकेच पीळ देऊन सोडा आणि वीस हेलकाव्यांचा वेळ घ्या. एका हेलकाव्याच्या सेकंदांचा वर्ग, गुणिले हेडचे ग्रॅममधले वजन, गुणिले 12.4. झाले आघूर्ण. त्या पितळी ठोकळ्याचे वीस हेलकावे 17 सेकंदांत झाले, नव्या हेडचे 23 सेकंदांत. हे पंधरा मिनिटांचे काम आहे. तरी लोक ते टाळतात आणि आधी हेडवर नाव कोरून घेतात. याचे मला खरेच वाईट वाटते.

चूक दुसरी: दोन वेगळी वळणे एकच समजणे

वर सांगितलेले वळण टक्कर होतानाचे. दुसरे वळण स्ट्रोक चालू असतानाचे, शाफ्टच्या अक्षाभोवतीचे. आघूर्ण कितीही वाढवले तरी हेडचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या अक्षापासून दूर असेल तर हेड पूर्ण स्ट्रोकभर हाताला पीळ देत राहते.

सगळ्यांना माहीत असलेली चाचणी म्हणजे शाफ्ट बोटावर आडवा तोलायचा. फेस आकाशाकडे पाहू लागला तर "फेस बॅलन्स्ड", टोकाकडची बाजू, म्हणजे टो, खाली लोंबली तर "टो हँग". चाचणी चांगली आहे, पण शाफ्ट आडवा धरून आपण पटिंग करत नाही. खेळताना शाफ्ट जमिनीशी साधारण 70 अंशांत कललेला असतो. त्या स्थितीत फेस बॅलन्स्ड पटरसुद्धा वळू पाहतो, कारण वजन फेसच्या मागे आहे आणि ते खेळाडूच्या पायांकडे सरकू बघते. उजव्या हाताच्या खेळाडूचा फेस त्याने उजवीकडे उघडतो.

मी एका फळीवर दोन बेअरिंग 70 अंशांच्या कलात बसवली आहेत. त्यात शाफ्ट अडकवायचा, फेस नेमाच्या दिशेने धरायचा आणि सोडून द्यायचा. फेस जागेवर राहिला तर गुरुत्वमध्य अक्षावर आहे. अलीकडे "झिरो टॉर्क", म्हणजे हाताला पीळ न देणारे, म्हणून जे पटर गाजतात त्यांचे मूळ एवढेच आहे. 2025 च्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेत जे. जे. स्पॉनने शेवटच्या होलवर 64 फुटांचा पट घातला तो अशाच जातीच्या पटरने. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तोच हवा असतो. घ्या जरूर. पण तुमचा स्ट्रोक कमानीत जात असेल आणि हाताला थोड्या टो हँगची सवय असेल तर पहिले काही आठवडे चेंडू उजवीकडे जातील. चार दिवसांत पटर बदलू नका.

चूक तिसरी: नियम शेवटी वाचणे

लोलक म्हटले की प्रत्येकाला शाफ्ट उभा करावासा वाटतो. उभा शाफ्ट, उभा झुला, सरळ रेषा. तर्क अचूक आहे, म्हणूनच नियम करणाऱ्यांनी तो फार पूर्वी ओळखला. फेसकडे सरळ समोरून पाहिले तर टो आणि हीलच्या (खेळाडूकडच्या टोकाच्या) दिशेत शाफ्ट उभ्या रेषेपासून किमान 10 अंश कललेला असलाच पाहिजे. म्हणजे लाय, शाफ्टचा जमिनीशी कोन, जास्तीत जास्त 80 अंश. अमेरिकन गोल्फर सॅम स्नीड दोन पायांच्या मधून क्रोकेसारखा पट मारायचा, ते 1968 मध्ये बंद झाले. लांब पटर छातीला किंवा पोटाला टेकवून खुंटी पक्की करणे 1 जानेवारी 2016 पासून बंद झाले. पटर लांब ठेवता येतो, टेकवता येत नाही.

माझ्या ओळखीचा एक जण तीन महिने खपला. 84 अंशांचा लाय, मधोमध शाफ्ट, हेड अतिशय सुंदर. घरच्या गालिच्यावर त्याचे दहातले नऊ चेंडू आत जायचे. एका स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सोबतच्या खेळाडूने सहज शंका काढली, कोनमापक लावला गेला आणि पटर बॅगेतच राहिला. दुसऱ्या दिवशी तो उसन्या पटरने खेळला आणि पंधराव्या होलपर्यंत गप्प होता. ते हेड वाचवता आले नाही, कारण शाफ्टचे भोक चुकीच्या कोनात होते आणि नवे भोक पाडायला धातूच उरला नव्हता.

मी 79 च्या पुढे जात नाही. भोक, गोंद, शाफ्टचा किंचित बाक, सगळे मिळून अर्धा अंश सहज खाल्ला जातो. तळ फार गोल करून पटर आणखी उभा धरायची सोय ठेवू नका. ती चलाखी नियमात बसत नाही, अशा क्लबला 25 अंशांपर्यंत कल मागता येतो. हेडची टो-हील लांबी 177.8 मिमीच्या आत, आणि पुढून मागच्या मापापेक्षा जास्त. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात हे आकडे लिहूनच पहिली रेघ मारा.

थोडक्यात निपटण्यासारख्या

लोफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, शून्य ठेवू नका. चेंडू गवतात थोडा रुतलेला असतो, आपल्याकडे पावसाळ्यात तर जास्तच. मी तीन अंश ठेवतो.

जाड ग्रिपने मनगट शांत होते हे खरे, पण ती 100 ग्रॅमच्या पुढची असेल तर हेड हाताला कळेनासे होते. ग्रिप बदलली की हेड पुन्हा तोला.

शिशाची पट्टी हेडच्या मध्यावर चिकटवून काही मिळत नाही. टोकांना लावा, दोन्हीकडे सारखी.

शाफ्ट कापायची घाई करू नका. 35 इंचांवर आठवडाभर खेळा, आरशासमोर उभे राहून डोळे चेंडूवर येतात का बघा, मग अर्धा इंच कापा. कापलेला अर्धा इंच परत येत नाही.

आणि पाच मिनिटांचा गोंद

हा माझा नाजूक विषय आहे. महिनाभर हेड घासणारा माणूस शेवटच्या दिवशी पाच मिनिटांत सुकणारा इपॉक्सी वापरतो, कारण त्याला त्याच संध्याकाळी खेळायचे असते. घाईत शाफ्ट बसतो, फेस आणि ग्रिपची सपाट बाजू एक-दोन अंश वाकडी राहते, आणि वर सांगितलेला तो एक अंश इथेच हातचा जातो. नंतर तो माणूस स्वतःच्या स्ट्रोकला दोष देतो.

चोवीस तासांत सुकणारा इपॉक्सी घ्या. शाफ्टचे टोक आणि भोक दोन्ही खरखरीत करा, ॲसिटोनने पुसा. हेड सपाट काचेवर ठेवा, फेसला गुण्या टेकवा, शाफ्टला कोनाचा आधार द्या. पहिल्या दहा मिनिटांत दोनदा परत येऊन बघा, कारण हेड स्वतःच्या वजनाने हळूच फिरते. मग दार लावून घरी जा. ग्रिप दुसऱ्या दिवशी, फेसला गुण्या लावूनच.