जुन्या वाड्यातल्या, गढीतल्या बुटीक हॉटेलात राहायला जाताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून आम्ही भावंडांनी कॉन्ट्री काढून त्यांना राजस्थानात एका जुन्या गढीतल्या बुटीक हॉटेलात नेलं. फोटो बघून आई आठवडाभर हवेत होती, आणि तिथे पोचल्यावर कळलं की आमच्या खोल्या मोठ्या दरवाजापासून त्र्याहत्तर पायऱ्या वर आहेत. मोजल्या मी. बाबा तिसऱ्या टप्प्यावर कठड्याला टेकून बसले आणि म्हणाले, "तुम्ही या जाऊन, मी इथे बरा आहे." बुकिंगच्या वेळी मी फोनवर एसी, नाश्ता, पार्किंग सगळं खोदून खोदून विचारलं होतं, पायऱ्या किती हे तेवढं विचारलं नव्हतं.

तर पहिली आणि सगळ्यात महागडी चूक हीच, की आपण हॉटेल बुक करतो तसं बुक करतो. ही इमारत पाहुण्यांसाठी बांधलेलीच नसते हो. नीमराण्याचा किल्ला घ्या, दिल्ली-जयपूर हायवेवरचा. बांधकाम १४६४ सालचं, १९८६ ला पडीक अवस्थेत विकत घेतला गेला आणि १९९१ मध्ये तिथे हॉटेल सुरू झालं. डोंगराच्या उतारावर एकावर एक टप्पे चढत गेलेत. बांधणाऱ्याला शत्रू वर येऊ नये एवढीच काळजी होती, तुमची ट्रॉली बॅग त्याच्या डोक्यात असण्याचं काही कारण नाही. अशा ठिकाणी लिफ्ट घालायची तर मूळ भिंती फोडाव्या लागतात, म्हणून बहुतेक ठिकाणी ती नसते किंवा एकाच बाजूला असते.

म्हणून कॅटेगरीवर जाऊ नका, खोली विचारा. इथे बऱ्याचदा खोल्यांना नंबर नसतात, नावं असतात, आणि एकाच भाड्याच्या दोन खोल्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो कारण एक राणीची बैठक होती आणि दुसरी दाण्याची कोठी. सरळ व्हॉट्सॲपवर सांगा की आम्हाला जी देणार त्याच खोलीचा फोटो टाका, आणि बाथरूमचा पण. बाथरूम नंतर घुसवलेलं असतं त्यामुळे आत जाताना एक पायरी वर किंवा खाली हमखास असते, आणि रात्री दोन वाजता ती पायरी आठवत नाही. चौकटी पण बुटक्या. माझा भाऊ सहा फुटी, तीन दिवसांत चार वेळा कपाळ आपटलं, शेवटी आईने चौकटीवर तिचा लाल स्कार्फ बांधून ठेवला. हा जुगाड खरंच करा.

आता म्हणाल म्हातारी माणसं आहेत तर तळमजला घेऊ. घ्या, पण पावसाळ्यात नको. जुन्या चुन्याच्या बांधकामात पायाशी ओल अडवणारा थर नसतो, जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं आणि चुन्यातून हळूहळू बाहेर पडतं, भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. राजस्थानात हे फारसं जाणवत नाही. कोकणात, गोव्यात जांभ्याच्या घरात जून ते सप्टेंबर तळमजल्याच्या खोलीला कुबट वास येणारच, तो घाण ठेवल्याचा वास नाही. रिसेप्शनवर भांडण्याआधी एसी ड्राय मोडवर टाका, कपाट उघडं ठेवा, बॅग भिंतीपासून हातभर लांब ठेवा. एवढं करूनही गादी दमट लागली तर मात्र खोली बदलून मागा, लाजू नका. आणि ओले टॉवेल नक्षीच्या खुर्चीवर किंवा भिंतीला लागून वाळत घालू नका. माझ्या बहिणीने जीन्स टाकली होती, सकाळी जीन्सवर पांढरा चुना आणि भिंतीवर निळा डाग. हॉटेलवाल्यांनी बिलात लावलं, आम्ही गुपचूप दिलं.

गरम पाणी येत नाही ही दुसरी कॉमन तक्रार. नव्वद टक्के वेळा येत असतं, फक्त उशिरा, कारण पाइप अख्ख्या वाड्याला वळसा घालून आलेला असतो. नळ पाचेक मिनिटं सोडून ठेवा, खाली बादली लावा म्हणजे पाणी वाया जात नाही. सकाळी आठला सगळेच अंघोळीला उभे राहतात तेव्हा प्रेशर पण जातं, सातला उरकून घ्या. आणि गीझर, केटल, इस्त्री एकदम लावू नका. आम्ही लावली. अख्ख्या मजल्याची लाइट गेली आणि शेजारच्या खोलीतले एक आजोबा टॉवेल गुंडाळून बाहेर येऊन आमच्याकडे नुसते बघत उभे राहिले.

मोबाइलची रेंज दोन-अडीच फुटी भिंतीतून येत नाही, वायफाय पण अडखळतं. वर्क फ्रॉम हॉटेल करायच्या भ्रमात असाल तर चौकातली जागा धरा किंवा सुट्टी टाका.

आवाजाचं मात्र नीट विचारा. लाकडी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत असेल तर वरचा माणूस पहाटे बॅग ओढतो ती तुमच्या छातीवरून जाते. त्याहून वाईट म्हणजे लग्न. राजवाडे, हवेल्या यांचा बराचसा धंदा डेस्टिनेशन वेडिंगवर चालतो, आणि बाकीच्या चार खोल्यांतल्या पाहुण्यांना कोणी आधी सांगत नाही. "आमच्या तारखांना फंक्शन आहे का?" एवढं एक वाक्य विचारा आणि उत्तर लेखी घ्या. काही वास्तूंत दिवसा तिकीट काढून बघायला येणारी माणसं पण असतात. सावंतवाडीच्या राजवाड्यात हॉटेल पण आहे, आणि लोक दरबार हॉल आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते बघायला येतातच, मला ते उलट आवडतं, कारागिराच्या हातात ब्रश बघायला मिळतो, दशावतारी गंजिफाची एकशे वीस पानं, दहा अवतारांची बारा-बारा. त्या हॉटेलातल्या खोल्या पण त्याच चित्रांवर सजवल्यात. अशा ठिकाणी जाऊन दिवसभर खोलीत रील बघत पडणं ही पण चूकच धरा.

खोटं हेरिटेज ओळखायला शिका. पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात हेरिटेज हॉटेल म्हणजे १९५० च्या आधीची वास्तू लागते. दहा वर्षांपूर्वी काँक्रीटच्या कमानी उभ्या करून हवेली नाव दिलेलं रिसॉर्ट यात येत नाही. आणि खऱ्या वास्तूतसुद्धा सगळ्यात स्वस्त खोली अनेकदा मागे बांधलेल्या नव्या विंगमध्ये असते, तेव्हा "मूळ इमारतीत का?" हे विचारायचंच.

बिलाचं थोडक्यात. रात्रीचं भाडं ७५०० रुपयांच्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के, त्याच्या आत असेल तर ५, त्यामुळे ७८०० ची खोली सातशे रुपये कमी करून मागण्यात अर्थ आहे, ऑफ सीझनला देतात पण. रेस्टॉरंटच्या बिलातला सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो, नको असेल तर काढायला सांगा.

गाडी दारापर्यंत जाईल हे गृहीत धरू नका. पणजीत फोंतेन्यासच्या गल्ल्या इतक्या अरुंद की मोठी गाडी घातलीत तर रिव्हर्समध्येच बाहेर यावं लागेल. माथेरानच्या जुन्या बंगल्यातल्या हॉटेलांना तर गावाबाहेर दस्तुरी नाक्यालाच गाडी सोडायची, पुढे अमन लॉज स्टेशनवरून शटल ट्रेन किंवा घोडा नाहीतर पाय, आणि सामानाला हमाल. तिथे चाकांची बॅग लाल मातीत दहा मिनिटांत राम म्हणते. व्हरांड्यात चहा-बिस्किटं ठेवून आत चष्मा आणायला पण जाऊ नका, माकडं टपलेलीच असतात.

जेवण आधी सांगून ठेवा, किचन छोटं असतं, रात्री दहाला मेन्यूतलं अर्धं "आज नाही" असतं.

बाबांचं म्हणाल तर मॅनेजरने त्यांना खालच्या चौकातली, पूर्वी दिवाणजी बसायचे ती खोली दिली, भाड्याने कमी, पण समोर कडुनिंब आणि मोर. दोन दिवसांनी निघताना हललेच नाहीत. आम्ही वरचे सगळे पाय चोळत खाली आलो, घाईत चेक-आउट केलं, आणि दोन तासांनी धाब्यावर पाकीट काढताना माझ्या खिशातून हॉटेलची वीतभर लांब पितळी किल्ली निघाली. कुरियरचे दोनशे दहा रुपये झाले.