हाफ-लाइफ ॲलिक्स पहिल्यांदा खेळताय? मग आधी हात तयार करा

२००७ च्या एपिसोड टू नंतर वाल्व कंपनीने हाफ-लाइफ ही आपली शूटिंग गेमची मालिका परत आणली ती थेट मार्च २०२० मध्ये, ॲलिक्स या गेमने, आणि तीही फक्त व्हीआरसाठी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट आणि हातात कंट्रोलर घेऊन खेळायची. कीबोर्ड-माउसवर कितीही भारी खेळत असाल तरी इथे सगळा खेळ हातांचा आहे.

आधी जागा मोकळी करा, सीलिंग फॅन खाली असेल तर बंदच ठेवा, कारण वरच्या शेल्फवर हात जातोच. चक्कर येत असेल तर सुरुवातीला ब्लिंक मूव्हमेंट घ्या (एका जागेवरून दुसरीकडे थेट उडी), सवय झाली की कंटिन्युअस (सलग चालणं).

मग पिस्तूल रिलोड करायची प्रॅक्टिस. बटण दाबून मॅगझिन पाडायची, खांद्यामागे हात नेऊन नवी काढायची, आत सरकवायची, स्लाइड ओढायची. शत्रू नसताना हे डोळे मिटून जमेपर्यंत करा, खरंच सांगतो, कारण हेडक्रॅब (डोक्यावर झेप घेणारा छोटा प्राणी) अंगावर आला की स्लाइड ओढायचीच राहते. मॅगझिनमध्ये गोळ्या असताना उगाच बदलू नका, उरलेल्या वाया जातात.

ग्रॅव्हिटी ग्लोव्हज म्हणजे जीव आहे या गेमचा, वस्तूकडे हात करायचा, पकडायची, मनगटाने झटका द्यायचा आणि उडत आली की झेलायची. रेझिन (गेममध्ये विखुरलेला एक पदार्थ) दिसेल तिथून उचला, बंदुका अपग्रेड करायला तेच लागतं. मनगटावर दोनच खिसे आहेत, एकात हेल्थची सिरिंज ठेवाच. अँटलायन (मोठे किड्यांसारखे शत्रू) आले तर आधी त्यांच्या पायांवर गोळ्या. डोक्यावर हेल्मेट असेल तर छतावरून जीभ लटकवणारा बार्नॅकल हा प्राणी तुमच्याऐवजी तेच ओढून नेतो.

आता जेफ, म्हणजे या गेममधला एक भयानक राक्षसी शत्रू. सातवा चॅप्टर, वोडकाची फॅक्टरी, सगळीकडे बाटल्या. जेफला दिसत नाही पण ऐकू सगळं येतं आणि गोळ्यांनी तो मरत नाही, त्यामुळे दारूगोळा वाचवा. त्याच्या आसपासच्या विषारी बीजाणूंनी ॲलिक्सला, म्हणजे तुम्ही जिची भूमिका करता तिला, खोकला येतो, म्हणून एक हात खरोखर स्वतःच्या तोंडावर धरायचा, रेस्पिरेटर मास्क सापडला तर तो चढवा म्हणजे हात सुटतो. कपाट उघडताना अगदी हळू, दार जरा ढकलून आत बघा, बाटली कडेला असेल तर आधी ती धरा मग दार पूर्ण उघडा, नाहीतर ती फुटते आणि तो सरळ तुमच्याकडे येतो. एक बाटली कायम हातात ठेवा आणि तुम्हाला जायचंय त्याच्या उलट्या कोपऱ्यात फेका, आवाजाकडे तो गेला की मगच हला.