जिल्ह्याचा महोत्सव कसा आखावा

महाराष्ट्रातील अनेक ग्रामीण जिल्ह्यांचा जन्मदिवस नेमका सांगता येतो. जालना आणि सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी, लातूर १६ ऑगस्ट १९८२ रोजी, गडचिरोली त्यानंतर दहाच दिवसांनी, नंदुरबार व वाशीम १ जुलै १९९८ रोजी, हिंगोली व गोंदिया १ मे १९९९ रोजी, तर पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. जिल्ह्याचा इतिहास, अर्थकारण आणि समाजजीवन यांचा महोत्सव भरवायचा ठरला की साहजिकच याच तारखेवर बोट ठेवले जाते. परंतु यांतील बहुतेक तारखा लोकांच्या दृष्टीने गैरसोयीच्या आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये पेरणी, लावणी, खुरपणी सोडून कोणी मंडपात येणार नाही आणि १ मे रोजी अधिकारीवर्ग महाराष्ट्र दिनाच्या ध्वजारोहणात गुंतलेला असतो, शिवाय उन्हाचा कडाका वेगळाच. म्हणून वर्धापनदिनी छोटा समारंभ करावा आणि मुख्य महोत्सव सुगी आटोपल्यावर ठेवावा. मात्र बीडसारख्या जिल्ह्यात हाही हिशेब चुकतो, कारण तेथील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि गाळप हंगाम संपल्यावरच परततात. पौष-माघात महोत्सव भरवला तर ज्यांच्या कोयत्यावर तेथील असंख्य घरे चालतात, तीच माणसे त्यात नसतील. तारीख ठरवण्यापूर्वी जिल्ह्याच्या पोटापाण्याचे वेळापत्रक समोर ठेवावे ते यासाठी.

तारीख ठरल्यावर मंडपवाल्याला बोलावण्याची घाई करू नये. आधीचे काही महिने कागद, छायाचित्रे आणि आठवणी गोळा करण्यासाठी राखावेत. जिल्हा नवा असला तरी त्याचे दप्तर जुन्या नावाखाली असते. नंदुरबारचा शोध घेणाऱ्याला धुळे जिल्ह्याच्या आणि त्याहीपूर्वीच्या खानदेशाच्या नोंदींकडे जावे लागते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्हावार माहितीग्रंथातील, खानदेशाचा खंड १८८० चा आहे. मराठवाड्याचा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर विदर्भाच्या बऱ्याच नोंदी मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाखाली सापडतात. पेशवेकालीन कागदांसाठी पुण्याचे पुरालेखागार गाठावे. सोबत मोडी वाचणारा माणूस असला तरच त्या फेरीचा उपयोग होतो. गॅझेटियरमधील पिके, बाजारगावे आणि वाटांची माहिती मोलाची आहे, पण त्यातील जाती-जमातींची वर्णने राज्यकर्त्यांच्या नजरेतून लिहिलेली आहेत. ती फलकांवर जशीच्या तशी उतरवणे म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील लोकांचा जाहीर अपमान करणे होय.

गावोगावच्या पेट्यांतून निघणाऱ्या चोपड्यांवर बहुधा इसवी सन नसतो. शके लिहिलेले असेल तर त्यात ७८ मिळवावेत आणि नोंद वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतील असेल तर ७९. मराठवाड्यातील फसली सालात, म्हणजे महसुलासाठी वापरल्या जाणाऱ्या सालात, साधारणपणे ५९० मिळवले की इसवी सन येतो. साल मुळीच नसेल तर हिशेब पाहावा. रुपये-आणे-पैमध्ये मांडलेली वही बहुधा १९५७ पूर्वीची किंवा फार तर त्यानंतरच्या काही वर्षांची असते, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. छायाचित्र अल्बममधून ओरबाडून काढू नये. मागील बाजूस शाईच्या पेनाऐवजी मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने क्रमांक घालावा, सहाशे डीपीआयवर स्कॅन करावे आणि मूळ प्रत शक्यतो त्याच दिवशी मालकाच्या हाती परत द्यावी. देणाऱ्याचे नाव, चित्रातील माणसे आणि प्रसंग यांची नोंद त्याच बैठकीत झाली पाहिजे. ‘नंतर विचारू’ म्हटलेले नंतर कोणी विचारत नाही.

वयोवृद्धांच्या आठवणी नोंदवताना प्रश्न किती नेमका आहे, यावर उत्तराचा कस ठरतो. ‘बहात्तरचा दुष्काळ कसा होता?’ असे विचारल्यास ‘फार वाईट दिवस होते’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘त्या वर्षी घरात काय शिजत होते?’ असे विचारावे. मग मिलो या परदेशी ज्वारीची लाल भाकरी निघते, दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी निघते, खडी फोडताना हाताला आलेले फोड निघतात, आणि आज वापरात असलेला गावचा कोणता रस्ता किंवा पाझर तलाव त्याच दुष्काळी कामातून झाला हेही कळते. ध्वनिमुद्रणापूर्वी परवानगी घ्यावी आणि जाहीर करू नये असे सांगितलेले खरोखरच जाहीर करू नये.

अर्थकारणाच्या दालनात आकडेवारीचे तक्ते टांगण्याचा प्रघात आहे. ते वाचायला कोणी थांबत नाही. त्यापेक्षा एकच जिन्नस निवडून त्याचा प्रवास मांडावा. कापसाचा जिल्हा असेल तर वेचणीची ओटी, खरेदीची पावती, जिनिंगमधून निघालेली रुई व सरकी आणि शेवटी दाबलेली गाठ अशी मांडणी करावी आणि प्रत्येक टप्प्यावर कोणाच्या हाती किती पैसे आले ते लिहावे. बाजार समितीच्या जुन्या आवक नोंदी आणि विविध कार्यकारी सोसायटीची खातेवही यांतून हे पैसे शोधता येतात, मात्र खातेदारांची नावे झाकूनच पाने दाखवावीत. धान्याच्या दालनात शेर, अधोली, पायली ही मापे ठेवून मुलांना प्रत्यक्ष मोजू द्यावे. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी हे कोष्टक हाताने मोजल्यावर डोक्यात राहते. केवळ पुरस्कारप्राप्त शेतकऱ्यांचे फोटो लावून दालन सजवू नये. ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल म्हणजे आगाऊ रक्कम, शहराकडे झालेले स्थलांतर आणि बंद पडलेली सूतगिरणी हाही जिल्ह्याच्या अर्थकारणाचाच भाग आहे आणि पाहणाऱ्यांना तो ठाऊक असतोच.

समाजजीवनासाठी वेगळे काही घडवावे लागत नाही. भजनी मंडळे, आखाडे, बचत गट, वाचनालये गावात असतातच. त्यांना मंचावर वेळ मिळाला की झाले. अडचण सत्कारांची होते. शाल-श्रीफळाची यादी एकदा वाढू लागली की कलापथकाला पंधरा मिनिटे उरतात, म्हणून सत्कारांची संख्या पहिल्याच बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहून घ्यावी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, हे लक्षात घेऊन लोककलांचा कार्यक्रम संध्याकाळीच सुरू करावा, भाषणे त्यानंतर ठेवावीत. वेळ कमी पडला तर भाषणे कापता येतात.

महोत्सव संपल्यानंतरच्या आठवड्यात उसन्या आणलेल्या प्रत्येक वस्तूची पावतीवर सही घेऊन परतफेड करावी. स्कॅन केलेली छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि त्यांची सूची यांच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी, उदाहरणार्थ जिल्हा ग्रंथालयात आणि एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात, लेखी पोच घेऊन जमा कराव्यात; फलकांवरील चुका पाहणाऱ्यांना नोंदवता याव्यात म्हणून महोत्सवात एक वही ठेवावी आणि तीही त्यासोबतच द्यावी.