वजन उतरवण्याच्या ऑपरेशननंतर रोज तेच ते खाताय? मग ते असं खा

ऑपरेशननंतरच्या पाचव्या महिन्यात आहारतज्ज्ञांनी माझी वही मागितली. चार पानं उलटली आणि वही मिटून परत दिली. पुढचं बघण्यासारखं काही नव्हतंच. सकाळी अंडं, दुपारी दही, रात्री चिकनचे चार तुकडे. दुसऱ्या दिवशी अंडं, दही, चिकन. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी एवढंच विचारलं, "हे तुम्ही ठरवून खाता की भीतीपोटी?"

हा लेख त्या प्रश्नाभोवतीच आहे. रोज तेच खाण्यात गैर काही नाही. पण ठरवून तेच खाणं वेगळं आणि दुसरं काही उतरत नाही म्हणून तेच खाणं वेगळं.

असं का होतं, ते आधी बघू. या ऑपरेशनचे दोन नेहमीचे प्रकार म्हणजे स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. बायपासमध्ये वर जी पिशवी बनवतात, तिच्यात सुरुवातीला जेमतेम ३० मि.ली. मावतं, म्हणजे दोन मोठे चमचे. एवढ्याशा जागेत एक घास चुकला तरी छातीत गच्च होतं, तोंडात फेसाळ लाळ जमते, उलटी होते. असं दोनदा झालं की माणूस जे निमूट खाली जातं त्यालाच धरून बसतो. त्यात चवही बदललेली असते. काल आवडणारी गोष्ट आज गोडमिट्ट लागते, मांसाचा वास नको होतो.

शिवाय तोचतोचपणाचा फायदाही आहे. संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलं की एकाच पदार्थाने मन लवकर भरतं आणि समोर नवा पदार्थ आला की भूक पुन्हा जागी होते. पोट भरल्यावरही गोडाला जागा सापडते ती यामुळेच. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे. किमान १३.६ किलो वजन उतरवून वर्षभर तरी ते टिकवलेल्या लोकांची ती नोंद. त्यांच्या खाण्यातही पदार्थांची विविधता कमीच आढळली. त्यामुळे 'ताटात सात रंग हवेत' हा सल्ला ऑपरेशन झालेल्या माणसाला सरसकट देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी १ : आपण कुठल्या टप्प्यावर आहोत ते बघा

पहिले सहा ते आठ आठवडे या क्रमाने जातात : आधी पातळ, मग गाळलेलं किंवा वाटलेलं, मग मऊ, मग नेहमीचं. नेमके आठवडे तुमची डॉक्टर-आहारतज्ज्ञांची टीम सांगेल तेच धरा. या काळात तेच ते खाल्लं तर खुशाल खा. टाके भरत असताना प्रयोग नकोत. पुढच्या पायऱ्या नेहमीच्या खाण्याची परवानगी मिळाल्यानंतरच्या आहेत.

पायरी २ : एका दिवसाचा हिशेब मांडा

रोज तेच खाणाऱ्याला एक सोय आहे. एका दिवसाचा हिशेब केला की महिन्याचा होतो. तोटाही तोच. एका दिवसाची चूक महिनाभर तशीच चालू राहते.

बहुतेकांना दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात, काहींना ८० किंवा त्याहून जास्त. आता माझ्या वहीतला दिवस घ्या. एक अंडं म्हणजे ६ ग्रॅम. घट्ट गाळलेलं दही १०० ग्रॅम म्हणजे १० च्या आसपास. शिजलेलं चिकन ५० ग्रॅम म्हणजे १५. बेरीज ३१. मी समजत होते की मी प्रथिनांशिवाय दुसरं काही खातच नाही, आणि होते निम्म्यावर!

कागद घ्या आणि तुमचा दिवस असाच लिहा. अंदाज नको, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या. ऑपरेशननंतर डोळ्यांचा अंदाज फार फसवतो, कारण तीन घास खाल्ले तरी खूप खाल्ल्यासारखं वाटतं. तूट निघाली तर ताट मोठं करू नका, खाण्याच्या वेळा वाढवा. तीनऐवजी चार किंवा पाच वेळा खा, नाहीतर मध्ये एक प्रोटीन शेक घ्या.

ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात आणि सगळे धावत प्रथिनांची पावडर आणतात. त्यातली बरीचशी गळती ऑपरेशनच्या आणि झपाट्याने उतरलेल्या वजनाच्या धक्क्याची असते आणि ती आपोआप थांबते. हिशेब तरीही मांडाच, पण घाबरून नको.

पायरी ३ : सांगाडा पक्का करा

पदार्थ बदलले तरी चालतील, पण खाण्याची रीत बदलू नये. घास लहान. चावून अगदी लगदा झाल्याशिवाय गिळायचं नाही. एक जेवण वीस ते तीस मिनिटांचं. ताटातलं प्रथिन आधी, मग भाजी, जागा उरली तर बाकीचं. जेवताना पाणी नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. दिवसभरात मात्र घोट घोट करून किमान दीड लिटर पोटात जायला हवं. बायपास झालेल्यांनी साखरेपासून जपावं. दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब असं डंपिंग होऊ शकतं, आणि कधी एक ते तीन तासांनी साखर घसरून हातपाय थरथरतात.

पायरी ४ : एका वेळी एकच गोष्ट बदला

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या, कारण बहुतेक जण चुकतात ते इथेच. कंटाळा शिगेला पोचला की एका रविवारी चार नवे पदार्थ आणले जातात, संध्याकाळी उलटी होते आणि सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. चारांतला कुठला बाधला ते कळत नाही, म्हणून चारही बाद होतात.

बदल तीन दारांतून आणता येतो. सोप्यापासून अवघडाकडे जा.

पहिलं दार चवीचं. पदार्थ तोच, वरचा मसाला वेगळा. दह्यात आज जिरं, उद्या लिंबाची किसलेली साल, परवा सुकवलेली पुदिन्याची पानं. पोटाला काही नवं कळत नाही, जिभेला कळतं. माझ्या मते निम्मा कंटाळा इथेच संपतो.

दुसरं दार पोताचं. तेच चिकन कोरडं भाजलेलं असेल तर अडकतं. बारीक करून सुपात घातलं, किंवा मंद आचेवर रसात शिजवलं की सरळ उतरतं. 'मला चिकन चालत नाही' म्हणणाऱ्या अनेकांना खरं म्हणजे कोरडं चिकन चालत नसतं. पुन्हा गरम केलेलं तर आणखीच. अंड्याचंही तसंच. उकडलेलं टणक लागतं, मऊसर ढवळून शिजवलेलं चालतं.

तिसरं दार पदार्थाचंच. चिकनच्या जागी मासा, माशाच्या जागी टोफू, त्याच्या जागी मऊ शिजवलेली मसूर. इथे अदलाबदल एकास एक होत नाही, हे लक्षात ठेवा. शिजलेली मसूर १०० ग्रॅम घेतली तर प्रथिनं ९ ग्रॅमच्या आसपास येतात, शिजलेल्या चिकनच्या एक तृतीयांशही नाहीत. त्यामुळे कडधान्यांच्या दिवशी तूट दुसरीकडून भरून काढावी लागते.

नवा पदार्थ कधी चाखावा? घरी असताना, घाई नसताना, फार भूक लागलेली नसताना. दोन छोटे चमचे घ्या आणि दहा मिनिटं थांबा. ठीक वाटलं तर आणखी दोन. मग तीन दिवस दुसरं काही नवं नको. आजारी असताना किंवा मळमळत असताना नवीन काही तोंडात घालू नका. मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये उंदरांवर दाखवलं होतं की मळमळीशी एकदा जोडली गेलेली चव प्राणी टाळायला लागतो, मग मळमळीचं कारण ती चव नसली तरी. माणसाचंही तेच होतं. मासा बिचारा निर्दोष असतो, पण त्या दिवशी ताप होता म्हणून जन्माचा नावडता होतो.

पायरी ५ : रोज चालणार नाहीत अशा गोष्टी वेगळ्या काढा

काही पदार्थ रोज खाऊन नडत नाहीत. काही मात्र 'चांगले' असूनही नडतात.

पालक हे त्यातलं ठळक नाव. पालकात आणि बदामात ऑक्झलेट नावाचं द्रव्य भरपूर असतं. बायपासनंतर आतड्यातून ते जास्त शोषलं जातं आणि त्याचे मूतखडे होण्याची शक्यता वाढते. रोज सकाळी पालकाची हिरवी स्मूदी, वर मूठभर बदाम, हा उत्साह अशा माणसाला महागात पडतो. पालक आठवड्यातून कधीतरी घ्यावा, इतर दिवशी कोबी, फ्लॉवर किंवा दुधी. पाणी पुरेसं प्यावं. जेवणाबरोबर घेतलेलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं, हाही एक उपयोग.

दुसरी गोष्ट ट्यूनासारखे मोठे मासे. डबा उघडला की जेवण तयार, म्हणून ते रोजचे होतात. पण मोठ्या शिकारी माशांमध्ये पारा साठतो. सार्डिनसारखे छोटे मासे त्या मानाने बरे.

तिसरी गोष्ट चहा-कॉफी. रोज लोहाच्या गोळीबरोबरच घेत असाल तर लोह कमी शोषलं जातं, रोजच्या रोज.

पायरी ६ : गोळ्यांना ताटाचा भाग समजा

या लहानशा ताटातून सगळी जीवनसत्त्वं मिळत नाहीत, ते कितीही विविध असो. बायपासमध्ये लोह आणि कॅल्शियम शोषणारा आतड्याचा सुरुवातीचा भागच वगळला जातो. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मि.ग्रॅ., पण एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त नाही, आणि लोहाच्या गोळीपासून किमान दोन तास लांब. बी-१२, ड जीवनसत्त्व आणि मल्टिव्हिटॅमिन डॉक्टर सांगतील तसं.

यातली फसवी बाब म्हणजे कुठलीच कमतरता लगेच बोलत नाही. बी-१२ चा साठा यकृतात इतका असतो की गोळ्या सोडल्या तरी वर्ष-दोन वर्षं ठणठणीत वाटू शकतं. थायमिनचं, म्हणजे बी-१ चं, उलट. त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. म्हणून रक्ततपासणी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी. आपलं खाणं ठरलेलं आहे म्हणून तपासणी टाळणारे लोक मी पाहिले आहेत. ठरलेल्या खाण्यातली उणीवही ठरलेलीच असते, म्हणून त्यांनी तर तपासणी आधी करावी.

पायरी ७ : कंटाळा कुठे पळतो त्यावर नजर ठेवा

ताटातला कंटाळा ताटात फिटला नाही तर तो डब्यांकडे वळतो. बिस्किटं, वेफर्स, आइस्क्रीम. हे पदार्थ तोंडात विरघळतात, पिशवीतून सरकत खाली जातात आणि पोट भरल्याची जाणीवच होत नाही. चिकनचे चार तुकडे खाऊन थांबणारा माणूस बिस्किटांचा पुडा संपवू शकतो तो यामुळे. आठवड्यातून दोनदा असं होत असेल तर स्वतःला दूषणं देत बसू नका. पायरी ४ मधलं पहिलं दार उघडायला उशीर झालाय, एवढाच त्याचा अर्थ.

डॉक्टरांकडे कधी जावं

यादी वाढण्याऐवजी आकसत चालली असेल, काल चालणारं आज अडकत असेल आणि हळूहळू फक्त पातळच उतरत असेल, तर हा कंटाळ्याचा किंवा मनाचा प्रश्न नाही. पिशवी आतड्याला जिथे जोडतात ती जागा आवळली गेलेली असू शकते आणि त्यावर एंडोस्कोपीने उपाय होतो. उलट्या थांबत नसतील तर वाट पाहू नका. त्यात दुहेरी दिसणं, चालताना तोल जाणं किंवा बोलण्यात गोंधळ आला तर ती थायमिनच्या कमतरतेची तातडीची वेळ आहे, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सगळं उतरतं, तरी नवा घास समोर आला की छाती धडधडते, चारचौघांत जेवणं टाळलं जातं, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाशी बोला. बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजनाच्या ऑपरेशनच्या टीममध्ये बहुतेकदा असे तज्ज्ञ असतात.

आणि एक 'नको'ची यादी

वहीच्या शेवटच्या पानावर न चाललेले पदार्थ लिहा, पण तारखेसकट आणि कसा केलेला होता त्यासकट. 'मासा नको' असं लिहू नका. 'तळलेला मासा, १२ तारीख, घाईत खाल्ला' असं लिहा. दोन-तीन महिन्यांनी त्यातला एकेक पदार्थ दोन चमचे, वेगळ्या पोतात, पुन्हा चाखा. पहिल्या वर्षात पोट आणि जीभ दोन्ही बदलत असतात.

माझ्या त्या पानावर पुढे अंडंच आलं. पाच महिने रोज खाल्ल्यावर एका सकाळी त्याचा वासही सहन होईना. चार महिने त्याला हात लावला नाही, मग मऊसर शिजवून वर मिरपूड घालून चमचाभर खाल्लं. आता आठवड्यातून दोनदा खाते, उकडलेलं मात्र अजून नाही.