मासळीला बर्फ कसा लावावा

अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगभरातल्या मासळीपैकी सुमारे ३५ टक्के दरवर्षी वाया जाते. नासलेल्या मासळीची भरपाई करायला पुन्हा समुद्रातच जाळं टाकावं लागतं. म्हणून मासळीसाठा टिकवण्याच्या कामात बर्फालाही जाळ्याइतकंच महत्त्व द्यायला हवं.

निघण्यापूर्वी पेटी घासून धुवा, तळाचं भोक मोकळं आहे ना ते पाहा. बर्फ बारीक फोडलेला हवा. मोठे तुकडे कातडीला रुततात आणि मधल्या पोकळीत मासा गरमच राहतो.

किती बर्फ? १० किलो मासळी ३०° सेल्सियसवरून ०° वर आणायला हिशेबाने साधारण ३ किलो पुरतो. पण बाहेरची उष्णता पेटीत सतत शिरत असते, त्यामुळे उष्ण हवेत मासळीच्या वजनाइतका बर्फ धरा. इथे काटकसर नको. ०° च्या तुलनेत १०° वर मासा सुमारे चौपट वेगाने खराब होतो.

जाळं वर येताच मासळी सावलीत घ्या, स्वच्छ समुद्राच्या पाण्याने धुवा. मोठ्या माशांचे कल्ले व आतडी काढा आणि पोट नीट धुवा, नाहीतर रक्त आतच कुजतं. मग तळाला चार बोटं बर्फ, त्यावर माशांचा एक पातळ थर, पुन्हा बर्फ, असं रचत जा. पेटीच्या कडेलाही बर्फ भरा आणि वर जाड थर देऊन झाकण लावा. फार उंच रचलं तर खालची मासळी चेपते. वितळलेलं पाणी थरांतून झिरपताना चिकटा धुऊन नेतं, पण तळाशी तुंबलं तर खालच्या थराला वास मारतो. म्हणून भोक बुजू देऊ नका.

बांगडा, तारली, ट्यूना यांच्या बाबतीत हयगय अजिबात नको. हे मासे गरम राहिले की त्यांत हिस्टामाइन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर गांधी उठतात. मासा दिसायला ताजा असला तरी हे घडू शकतं, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. थर्मामीटर पाठीच्या जाड भागात, कण्याजवळ खुपसून पाहा.

धक्क्याला लागल्यावर पेटीत बर्फ शिल्लक दिसला पाहिजे. सगळा वितळलेला असेल, तर पुढच्या फेरीला जास्त न्या.